तुम्ही विचारलंत म्हणून: पहिली अळी

फुलपाखरांच्या फेरीत रुईच्या झुडपापाशी आलो की मी सांगतो, अळीचा भडक रंग म्हणजे पक्ष्याला इशारा: 'मी कडू आहे, खाऊ नकोस.' मग कुणीतरी विचारतंच, "पण सर, पहिल्या भडक अळीला पक्ष्यानं खाऊनच टाकलं असेल ना? मग तो रंग पुढच्या पिढीत गेला कसा?"

पूर्वी मी छातीठोक सांगायचो, "ती मेली, पण पक्ष्याला धडा मिळाला, म्हणून त्याच रंगाची भावंडं वाचली. बलिदान!" पोरं टाळ्या वाजवायची.

मग एका शिबिरात मला अवदसा आठवली. प्लेन टायगरच्या, म्हणजे आपल्या बिबळ्या कडव्याच्या, दोन अळ्या मी कोंबडीपुढे टाकल्या. काळे-पांढरे पट्टे, पिवळे ठिपके, पाठीवर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. कोंबडी थबकली. मान तिरकी करून एका डोळ्यानं इतका वेळ बघत राहिली की मी "बघा, घाबरली" म्हणून मोकळा झालो. तेवढ्यात तिनं एक गट्ट केली. दुसरी उचलली, झटकली, टाकून दिली आणि चोच मातीत घासत बसली. मी ऐटीत मागे वळलो, तर सहावीतली एक मुलगी रडत होती. "पहिलीनं काय केलं होतं?" टाकून दिलेली अळी तळहातावर घेतली, तर तिच्या कुशीतून हिरवट पाणी येत होतं. रात्री डब्यात तीही मेली.

अळीची कातडी इतकी नाजूक की एक टोचही जिवावर बेतते, म्हणून चोच लागायच्या आधीच ओळख पटली पाहिजे, हे डार्विनचा समकालीन निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसनं १८६७ मध्येच मांडलं होतं. मी ते वाचलेलं होतं. तरी टाकल्या.

बरं, भावंडांचा मुद्दा माझा नव्हेच. तो उत्क्रांतीचा अभ्यासक फिशरचा, १९३० चा, आणि घोळक्यानं राहणाऱ्या अळ्यांना चपखल बसतो. बिबळ्या कडव्याची मादी अंडी घालते एकेक, सुटी सुटी! इतकी वर्षं रुईपाशी उभा राहून मी चुकीच्या झाडाखाली कीर्तन करत होतो.

दुसरी उत्तरं आहेत. अनोळखी खाऊपुढे पक्षी थबकतात. ती कोंबडी थबकलीच होती. काही कीटक चोचीतून जिवंत सुटतात. २०२३ मध्ये बेडूक आणि त्यांचे शेपटीवाले नातलग सॅलॅमँडर यांच्या वंशावळीवरून दिसलं की बऱ्याच ठिकाणी भडक रंग आधी पोटाखाली लपलेला होता, अंगभर नंतर आला. म्हणजे एकदम झगझगीत अशी 'पहिली' तिथे नव्हतीच. पण अळीनं रंग लपवायचा कुठे? शिवाय रुईवर वाढलेली प्रत्येक अळी सारखीच कडू नसते. गिळली गेलेली कदाचित तितकी कडू नसेलही.

"मग नक्की काय, सर?" असं विचारलंत की मी चिडतो, हे खरं. चिडतो तुमच्यावर नाही. त्या मुलीला मी तेव्हा "निसर्ग असाच असतो" म्हणालो होतो. कोंबडीपुढे अळ्या निसर्गानं टाकल्या नव्हत्या.