बॅटरी ठीक होती, जोडणी गेली होती

चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे लागायचे, हॉर्न खणखणीत वाजायचा, पण सेल्फ मारला की नुसता ‘टक्’ आवाज. पुन्हा पुन्हा मारत राहिलं की कधी इंजिन रडतखडत सुरू व्हायचं, कधी नाहीच. रत्नागिरीतला पावसाळा सरत आला होता आणि आमच्या जुन्या पेट्रोल गाडीचं हे रोजचंच झालं. गॅरेजमध्ये दाखवली तर बोनेट उघडल्या उघडल्या निकाल मिळाला, “मॅडम, बॅटरी गेली. नवीन टाका.”

बॅटरी फार जुनी नव्हती, त्यामुळे मला ते पटेना. आणि प्लसच्या टर्मिनलवर पांढरी पावडर साचली होती, तिच्या कडेला निळसर-हिरवी झाक होती, त्याबद्दल कुणी बोललंच नव्हतं. बॅटरीत सौम्य सल्फ्युरिक ॲसिड असतं. बॅटरीच्या वर आलेल्या शिशाच्या खांबाच्या (टर्मिनलच्या) बुडाशी सील थोडं सैल झालं की त्याचा अंश बाहेर झिरपतो. तो शिशाला लागला की पांढरं लेड सल्फेट तयार होतं आणि तांब्यापर्यंत पोचला की निळं कॉपर सल्फेट, म्हणजे आपल्याकडे सुपारीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणात असतं तेच मोरचूद. म्हणून निळा रंग दिसला की समजायचं, केबल खांबावर पकडणारी वरची क्लॅम्पच नव्हे, केबलच्या आतलं तांबंही खाल्लं जातंय. त्यात आमच्याकडची खारी, दमट हवा.

हात लावण्याआधी मोजून घ्यायचं ठरवलं. घरात व्होल्ट मोजायचा साधा मल्टीमीटर होता. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी दोन्ही खांबांवर मीटर लावला, 12.5 व्होल्ट दिसले. पूर्ण चार्ज बॅटरी साधारण 12.6 ते 12.7 दाखवते, त्यामुळे ही काही मेलेली नव्हती. पण नुसत्या उभ्या गाडीतल्या व्होल्टेजवर विसंबून चालत नाही. खरी परीक्षा भार आल्यावर होते.

मुलाला सेल्फ मारायला बसवलं आणि मीटरची एक पिन प्लसच्या शिशाच्या खांबावर, दुसरी त्याच खांबावर बसलेल्या क्लॅम्पवर टेकवली. दोन्ही एकमेकांना घट्ट चिकटलेले, त्यामुळे तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. फार तर 0.1. आले 1.3 व्होल्ट. त्या इवल्याशा जागेत पावडरीनं एवढं व्होल्टेज गिळलं होतं.

मग दिवे कसे लागत होते, हॉर्न कसा वाजत होता? हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण “लाइट लागतात म्हणजे वायरिंग ठीक” असं म्हणून लोक फसतात. समजा खराब सांध्याचा रोध फक्त 0.01 ओहम आहे. हेडलाइट साधारण 10 ॲम्पिअर घेतात, म्हणजे तिथे 0.1 व्होल्टची घट. डोळ्याला कळणारही नाही. सेल्फला छोट्या गाडीतसुद्धा शंभर-दीडशे ॲम्पिअर लागतात. 150 धरले तर त्याच सांध्यात दीड व्होल्ट जातात आणि सेल्फ उचलत नाही. नवी बॅटरी टाकली असती तरी ती याच पावडरीमागे बसली असती.

काम सुरू करताना हातातल्या बांगड्या आणि अंगठी काढून ठेवली, चष्मा आणि रबरी हातमोजे घातले. आधी मायनस सोडवायचं, मग प्लस, हा क्रम मोडायचा नाही. गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. प्लसचा नट सोडवताना पाना बॉडीला टेकला आणि मायनस अजून लागलेलं असेल तर थेट शॉर्ट होतो, पाना तापून लाल होऊ शकतो. आणि चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे जवळ ठिणगी नकोच. जोडताना उलट क्रम: आधी प्लस, शेवटी मायनस.

10 नंबरच्या पान्यानं नट सुटला, पण प्लसची क्लॅम्प खांबाला चिकटली होती. तिथे हातोडी मारायचा मोह होतो. मारू नये. खांब आत प्लेटांना जोडलेला असतो आणि शिसं मऊ असतं. एका घावात चांगली बॅटरी आतून तुटते. मी सोड्याचं कोमट पाणी सोडलं, थोडा वेळ थांबले आणि क्लॅम्प हलक्या हातानं डावी-उजवी फिरवत वर घेतली.

खायचा सोडा एक मोठा चमचा, कोमट पाणी एक पेला, एवढंच साहित्य. बॅटरीची बुचं घट्ट आहेत ना, हे आधी बघायचं, कारण सोडा आत गेला तर आतलं ॲसिडच मारून टाकेल. ओतल्यावर फसफसून फेस येतो. फेस येतोय म्हणजे ॲसिड शिल्लक आहे. तो थांबेपर्यंत जुन्या टूथब्रशनं घासत राहिले, मग साध्या पाण्यानं धुऊन सुती कापडानं कोरडं केलं. शेवटी खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरनं चांदीसारखी चमकेपर्यंत घासली. ही भुकटी शिशाची असते, विषारी. ती फुंकायची नाही, हात साबणानं धुतल्याशिवाय काही खायचं नाही आणि लहान मुलांना तिथे फिरकू द्यायचं नाही.

पुन्हा जोडून मोजलं. प्लसकडची घट जवळपास गेली होती. सेल्फ जरा जोमानं फिरला, पण अजून जड. म्हणून सेल्फ मारतानाच मायनसच्या खांबापासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत, म्हणजे इंजिनच्या धातूच्या अंगापर्यंत, मोजलं. इथे 0.2 पर्यंत चालतं, मला 0.7 मिळाले. टर्मिनल स्वच्छ, इंजिनकडचा नटही साफ करून आवळलेला. म्हणजे दोष मधल्या केबलमध्येच.

वरून ती केबल अगदी छान दिसत होती. टोकाशी हातानं दाबली तर इन्सुलेशनखाली काहीतरी कुरकुरलं. ब्लेडनं कापून उघडली तर आत तांब्याची लाल तार नव्हतीच, काळे-हिरवे पडलेले धागे होते, बोटानं चुरगळले तर भुगा. ॲसिड आणि ओलावा धाग्यांमधल्या फटींतून आत ओढला जातो, आणि वरचं प्लास्टिक ते सगळं झाकून ठेवतं. थोडं कापून पुढे बघितलं, तिथेही काळंच. अशा वेळी टोक कापून नवीन थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी, लावण्यात अर्थ नाही. ती काळ्या तारेवर कधीच नीट पकडत नाही.

ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात नवीन केबल करून घेतली. दोन गोष्टी मी हट्टानं मागितल्या: केबल जुनीपेक्षा बारीक नको, आणि थिंबल हायड्रॉलिक प्रेसवर दाबलेली हवी, पकडीनं चेपलेली नको. दुकानातल्या दादांनी वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळून बसणारी नळी, चढवून दिली. प्लसची क्लॅम्पही खाल्ल्यामुळे पातळ झाली होती, आवळताना चिरली असती, म्हणून तीही बदलली. क्लॅम्प घेताना जुनी सोबत न्यावी. प्लसचा खांब मायनसपेक्षा जाड असतो आणि आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांच्या बॅटरीचे खांब मुळातच बारीक असतात, साधारण 14.7 आणि 13 मिलिमीटर. मोठी क्लॅम्प आणून फटीत पत्र्याची पट्टी किंवा खिळा ठोकलेला मी पाहिलाय. तो सांधा टिकत नाही.

सगळं आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ थर दिला. आधी धातूला धातू घट्ट, मग वरून व्हॅसलीन. बॅटरी काढल्यामुळे घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं पुन्हा लावावी लागली.

आता सेल्फ मारताना मायनसची घट 0.1 च्या आत आहे. इंजिन चालू असताना बॅटरीवर 14.2 व्होल्ट येतात, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर जास्त चार्ज करून ॲसिड उकळवतोय अशी शंकाही मिटली. बॅटरी तीच. तिच्याखालचा पत्र्याचा ट्रे मात्र ॲसिडनं पोखरलाय. तो सोड्यानं धुतलाय, गंज घासून त्यावर रंग मारायचा आहे, आणि हेडलाइटच्या अर्थिंगचा नटही त्याच दिवशी उघडून बघणार आहे.