तुम्ही विचारलंत म्हणून: राउंडवरची बोलणी

लेकीला नाहीतर भाच्याला मेडिकलच्या पी.जी.ची, म्हणजे एम.डी.-एम.एस.ची, सीट लागली की इंदूरच्या मराठी घरांतून पेढे वाटले जातात, आणि दीड-दोन महिन्यांनी त्याच घरातून फोन येतो. घर रामबागेतलं असो की सुदामानगरातलं, प्रश्न तोच. "फर्स्ट इयरला फार बोलतात हो. सगळ्यांसमोर. घरी आली की जेवत नाही, नुसती झोपते. हे सोसायचंच असतं, की कुणाला सांगायचं असतं?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा विस्तारानं लिहितो. एरवी या प्रश्नाला दोनच उत्तरं मिळतात, 'आम्हीही हेच भोगलंय' आणि 'दे सोडून'. दोन्हींचा उद्या सकाळच्या राउंडला, म्हणजे वॉर्डात सीनियरांबरोबर पेशंट बघत फिरताना, काही उपयोग नाही.

आधी या बोलण्यांची वाटणी करून घ्या. "पोटॅशियमचा रिपोर्ट न बघता डिस्चार्ज कार्ड कसं लिहिलंस? घरी जाऊन दगावला असता तो!" हे बोलणं कितीही चढ्या आवाजातलं असलं तरी ते कामाबद्दल आहे, आणि पुढच्या वेळी काय करायचं ते त्यातच सांगितलेलं आहे. याउलट नीटची रँक काढणं, जात काढणं, आईबापाचे पैसे काढणं, फाइल अंगावर भिरकावणं, शिक्षा म्हणून सलग दुसरी रात्र ड्यूटी लावणं, सीनियरच्या थीसिसचा डेटा भरायला बसवणं, जेवायला न सोडणं, यातून कुणी काही शिकत नाही. पहिल्या प्रकारावर उपाय कामात आहे आणि दुसऱ्यावर कागदात. मुलं नेमकी उलट करतात. कामातल्या चुकीबद्दल ऐकलं की रात्रभर रडतात, आणि जात काढली तर 'सर असेच आहेत' म्हणून सोडून देतात.

पी.जी. करणाऱ्या डॉक्टरला रेसिडेंट म्हणतात, आणि हा शब्दच मुळात 'राहणारा' या अर्थाचा. 1889 च्या सुमारास अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी ही पद्धत रुजवली. त्यात शिकाऊ सर्जननं इस्पितळातच राहायचं आणि जवळपास चोवीस तास हजर असायचं. हॉल्स्टेड स्वतः कोकेनच्या व्यसनात अडकलेले होते, हेही नोंदलेलं आहे. म्हणजे ज्या शिस्तीचा आपण वारसा सांगतो तिच्या मुळाशी दमलेल्या माणसाचा आदर्श नव्हता, न झोपणाऱ्या माणसाचा होता. (पुढे 1984 मध्ये न्यूयॉर्कला एक अठरा वर्षांची मुलगी दगावली, दमलेल्या रेसिडेंटांवर बोट ठेवलं गेलं, आणि 1989 मध्ये तिथं आठवड्याला 80 तासांची मर्यादा आली.)

आपल्याकडे कागद कमी नाहीत. केंद्राच्या 1992 च्या रेसिडेन्सी योजनेत सलग ड्यूटी एरवी 12 तासांच्या वर नको आणि आठवड्याचे साधारण 48 तास, असं लिहिलेलं आहे. नॅशनल मेडिकल कमिशनच्या 2023 च्या पी.जी. नियमांत 'वाजवी' तास, विश्रांतीला वाजवी वेळ, कामाच्या निकडीनुसार आठवड्याची एक सुट्टी, वर्षाला किमान 20 दिवस पगारी किरकोळ रजा आणि वर 5 दिवस शैक्षणिक रजा आहे. 'वाजवी' म्हणजे किती, ते लिहायचं राहिलं. त्याच कमिशनच्या कार्यदलानं 2024 मध्ये आठवड्याला 74 तासांच्या वर जाऊ नये अशी शिफारस केली. या कार्यदलाच्या ऑनलाइन पाहणीत 5,337 पी.जी. विद्यार्थी होते आणि त्यांतल्या 31.2 टक्क्यांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं. 48 आणि 74 यांतला फरकच सांगतो की पहिला कागद वॉर्डापर्यंत पोचलाच नाही. तरी लेकीला सांगा, महिन्याच्या ड्यूटी-चार्टचा फोटो काढून ठेव आणि त्यात मागाहून पेनानं बदल झाला तर त्याचाही काढ. तासांबद्दल बोलायची वेळ आली तर तोच एक पुरावा हाताशी असतो.

'बोलल्याशिवाय शिकत नाहीत' म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. 2015 मध्ये इस्रायलमधल्या नवजात अतिदक्षता विभागांच्या 24 पथकांवर एक प्रयोग झाला. सगळ्यांना नकली बाळाची एकच केस दिली होती. काही पथकांना बाहेरच्या तज्ज्ञानं आधी चार तुसडे शब्द ऐकवले, बाकीच्यांशी तो साधं बोलला. तुसडे शब्द ऐकलेली पथकं निदानातही मागे पडली आणि हातच्या कामातही, कारण त्यांनी एकमेकांना विचारणं कमी केलं. वॉर्डात हेच रोज घडतं. ज्याला काल झापलं तो आज आकडा विचारायला फोन करत नाही, अंदाजानं लिहितो.

आता कामाकडे येऊ. बहुतेक बोलणी सकाळच्या राउंडला बसतात, आणि ती बहुधा अज्ञानासाठी नसतात, न सापडलेल्या आकड्यासाठी असतात. ए-फोर कागद तीनदा दुमडला की आठ खण होतात, दोन्ही बाजू मिळून सोळा पेशंट. प्रत्येक खणात नावाऐवजी बेड नंबर लिहायचा. मग दाखल होऊन किंवा ऑपरेशन होऊन कितवा दिवस, रात्रीतला सर्वांत जास्त ताप, नाडी आणि बी.पी., 24 तासांची लघवी आणि ड्रेन (ऑपरेशनच्या जागी लावलेल्या नळीतून आलेला स्राव), काल पाठवलेल्या तपासण्यांत काय आलं, आणि आजचा बेत. न आलेल्या रिपोर्टाला गोल करायचा आणि पहाटे साडेपाचला लॅबला फोन लावायचा. सातला लावला तर शिफ्ट बदलत असते आणि कुणी धड उत्तर देत नाही. दिवस संपला की कागद फाडून टाकायचा.

लघवीचा आकडा हे तर बोलणी खाण्याचं हमखास ठिकाण. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान 30 मिलि, म्हणजे दिवसाला 720 मिलि व्हायला हवी. आकडा गहाळ होतो कारण रात्री दोनला पिशवी भरली म्हणून नातेवाईक ती रिकामी करून येतात, बिचाऱ्यांना वाटतं आपण मदत केली. रात्री दहाला प्रत्येक कॅथेटरवाल्या (लघवीची नळी लावलेल्या) पेशंटच्या नातेवाइकाला सांगायचं, "भैया, थैली खाली मत करना, सिस्टर को बुलाना," आणि पलंगाला चिकटपट्टी लावून ठेवायची, ज्यानं पिशवी रिकामी केली त्यानं आकडा तिथं लिहायचा. तरीही नसेल तर 'ठीक आहे' असं लिहायचं नाही. "मोजली गेली नाही सर, सकाळी सहापासून मोजतोय" हे वाक्य बोलणी वाचवत नाही, पेशंट वाचवतं. बनवून सांगितलेला आकडा एकदा पकडला गेला की त्या युनिटमध्ये तुमच्या खऱ्या आकड्यांवरही तीन वर्षं कुणी विश्वास ठेवत नाही.

झापणं चालू असताना पेशंटसमोर वाद घालू नये. "हो सर, राहिलं," इतकंच. दुपारी, माणूस चहा पिऊन शांत झाल्यावर, एकच प्रश्न विचारावा, "सर, याला पुढच्या वेळी आधी काय बघू?" कामापोटी ओरडणारा माणूस या प्रश्नाला उत्तर देतो. जो या प्रश्नावरही टोमणा मारतो त्याच्या बाबतीत तुमची वाटणी झाली असं समजा. मध्य प्रदेशात 2022 मध्ये एम.बी.बी.एस.ची पुस्तकं हिंदीत आली, झापणं मात्र आधीपासून अस्खलित हिंदीतच होतं.

भीतीपायी दडवल्या जाणाऱ्या चुकांत सर्वांत घातक म्हणजे टोचलेली सुई. पहाटे चारला टोपण परत लावताना सुई बोटात जाते आणि 'धांदरट' म्हणतील म्हणून पोर गप्प बसते. असं झालं तर बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिटही ओतायचं नाही. वाहतं पाणी आणि साबण. लगेच ड्यूटीवरच्या सीनियरला आणि सिस्टरला सांगून नोंद करायची. पेशंटची एच.आय.व्ही., हिपॅटायटिस बी आणि सी यांची स्थिती बघायची, स्वतःचंही रक्त त्याच दिवशी द्यायचं. एच.आय.व्ही.चं प्रतिबंधक औषध लागणार असेल तर पहिली मात्रा शक्यतो दोन तासांत, 72 तासांनंतर उपयोग नाही, आणि कोर्स पूर्ण 28 दिवसांचा. रात्री ही औषधं कुठल्या कपाटात असतात आणि किल्ली कुणाकडे असते, हे पोस्टिंगच्या पहिल्या दिवशीच विचारून ठेवावं. हिपॅटायटिस बी ची लस आणि त्यानंतरची अँटिबॉडीची तपासणी झाली नसेल तर ती या आठवड्यात करून घ्या. ज्या युनिटमध्ये सुई टोचल्याचं सांगायला पोरं घाबरतात त्या युनिटचा प्रमुख कितीही हुशार सर्जन असो, शिक्षक म्हणून तो नापास.

झोपेबद्दल थोडक्यात. सलग 17 तास जागं राहिलं की हातडोळ्यांचं काम रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखं होतं, 24 तासांनी 0.1 टक्क्यासारखं. आपला मोटर वाहन कायदा 0.03 टक्क्यालाच पकडतो. म्हणून तीस तासांच्या ड्यूटीनंतर स्कूटर चालवायची नाही, ई-रिक्षा करायची. ड्यूटीत 20 मिनिटांची डुलकी घ्यावी, तासाभराची घेतली तर उठल्यावर डोकं जड होतं आणि नेमका तेव्हाच कॉल येतो. एक इंटर्न जागा, एक जे.आर. (ज्युनियर रेसिडेंट) झोपलेला, अशी अदलाबदल आधीच ठरवून ठेवली तरच हे जमतं.

आता कागद. अपमानाच्या प्रसंगाची नोंद त्याच रात्री करायची. तारीख, वेळ, जागा, कोण कोण हजर होतं, आणि शब्द जसेच्या तसे, ज्या भाषेत बोलले त्या भाषेत. 'माझा अपमान केला' हा निष्कर्ष झाला, समितीला वाक्य लागतं. पेशंटचं नाव नको. नोंद स्वतःलाच ई-मेल करायची म्हणजे तारखेवर वाद राहत नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या शिव्यांचा स्क्रीनशॉट नंबर आणि तारीख दिसेल असा घ्यायचा, रागानं ग्रुप सोडण्याआधी चॅट एक्सपोर्ट करायचं.

कुठं जायचं हे त्रास देणारा कोण यावर ठरतं, आणि इथं बहुतेक जण चुकतात. सेकंड किंवा थर्ड इयरचा पी.जी. तुम्हाला 'सर' वाटत असला तरी नियमांच्या नजरेत तो विद्यार्थीच आहे, त्यामुळे त्यानं दिलेला त्रास हे रॅगिंग आहे. यू.जी.सी.चे 2009 चे आणि मेडिकल कमिशनचे 2021 चे रॅगिंगविरोधी नियम पी.जी.लाही लागू होतात. हेल्पलाइन 1800-180-5522, चोवीस तास, नाव न सांगताही फोन करता येतो. गुन्हा दिसत असेल तर माहिती मिळाल्यापासून 24 तासांत संस्थाप्रमुखानं एफ.आय.आर. करायची असते. त्रास प्राध्यापकाचा असेल तर तो या व्याख्येत बसत नाही, तिथं डीनकडे आणि तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज करायचा आणि प्रतीवर आवक क्रमांक घेऊनच परत यायचं. तोंडी तक्रार संध्याकाळपर्यंत 'गैरसमज' होते. लैंगिक त्रासासाठी अंतर्गत समिती आहे, मुदत तीन महिने, कारण असेल तर आणखी तीन. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलाला जातीवरून बोलल्यास अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा आहे. एकट्यानं जाण्यापेक्षा बॅचचे चौघं मिळून जा, आणि जूडाच्या, म्हणजे ज्युनियर डॉक्टरांच्या संघटनेच्या, पदाधिकाऱ्याला बरोबर घ्या. संपापलीकडेही त्यांचा उपयोग असतो.

"पण परीक्षेत नापास करतील ना?" ही भीती खोटी नाही, पण वाटते तेवढी मोठीही नाही. पी.जी.च्या परीक्षेला किमान दोन परीक्षक बाहेरचे असतात, थीसिसही बाहेर तपासायला जातो. अडवणूक होते ती गाइडच्या सहीची. म्हणून थीसिसचा प्रत्येक मसुदा ई-मेलनं पाठवा, हातात देऊ नका. सीट सोडायचा विचार पक्का होण्याआधी आपल्या प्रवेशवर्षाची नियमपुस्तिका उघडून बाँडची रक्कम आणि पुढच्या प्रवेशावरची बंदी वाचा. राजीनामा रात्री लिहू नका, दोन रात्री झोपून लिहा.

घरच्यांनी बघायचं ते वेगळं. बोलणी खाऊन रडणारं पोर बहुधा सावरतं. जे अचानक शांत होतं, आवडत्या गोष्टी वाटून टाकतं, 'मी नसले तर बरं' अशा अर्थाचं काही बोलतं, त्याच्यासाठी ड्यूटीचा विचार करू नका. त्याच दिवशी जाऊन भेटा, एकटं सोडू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. टेली-मानसचा नंबर 14416, मराठीतही बोलता येतं. स्वतःच्या कॉलेजात दाखवायला संकोच वाटत असेल तर शहरातल्या दुसऱ्या डॉक्टरकडे जा. वॉर्डातून आणलेली झोपेची गोळी हा उपचार नाही, रूममेटनं प्रेमानं दिली असली तरी.

आणि रोजच्या फोनवर "आज बोलले का?" असं विचारू नका, त्यानं तोच प्रसंग पुन्हा घडतो. किती तास झोपलीस, काय खाल्लंस, सुट्टी कुठल्या वारी आहे, एवढं पुरे. रात्रीची भूक सराफ्याच्या खाऊगल्लीत भागते आणि पहाटेची पोह्यांवर, मधले बारा तास अवघड. डबा द्यायचा असेल तर वरण-भात नको, तो पहिल्या कॉलला गार होतो आणि दुसऱ्या कॉलला राहून जातो. पोळीला तूप-गूळ किंवा बटाट्याची भाजी लावून गुंडाळी करा, एका हातानं जिना चढता चढता खाता येते. दोन जास्त ठेवा, बरोबरच्या इंटर्ननंही सकाळपासून काही खाल्लेलं नसतं.