गुण्या

मिस्त्रींनी गुण्या काढला, सुमोच्या आतल्या पत्र्याला लावला, मग दुसऱ्या कोपऱ्यात लावून पाहिला आणि कानावरची पेन्सिल खिशात टाकली. "ताई, ह्यात काटकोनच नाही!"

सगळी हयात कॉलेज रोड, इंदिरानगरच्या फ्लॅटांत कपाटं बसवण्यात गेलेला माणूस. भिंत वाकडी असली तर पट्टी मारून झाकता येते. इथे पत्रा वर आत झुकलेला, खाली चाकाच्या कमानीपाशी फुगलेला, आणि दारं तर पाठ गोल करून बसलेली.

गाडी जुनी, टाटा सुमो, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देता येणारी. तिच्यात फिरतं घर करायचं होतं. सुमो हे नाव जपानी पैलवानांवरून आलेलं नाही, टाटांच्या मोटार कंपनीचे एकेकाळचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या नावावरून आलंय, हे मी मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि पुठ्ठा मागितला.

पुठ्ठ्याला नाशकात काय तोटा? द्राक्षांची खोकी आणली. पुठ्ठा पत्र्याला टेकवायचा, अडेल तिथे कातरायचा, पुन्हा टेकवायचा. ब्लाउज बेतावा तसं. बसला की प्लायवर ठेवून आखायचं. एका कमानीपायी नऊ खोकी गेली. प्लाय मी हट्टाने 12 मिलिमीटरचा घ्यायला लावला. मिस्त्रींना 18 चा हवा होता, "आयुष्यभर बघायला नको." पण घाटात ते वजन ओढायचं कुणी?

छप्पर उंच करायचा बेत मात्र सोडला. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं आलं. परवानगीशिवाय गाडीच्या मूळ रचनेला हात लावता येत नाही. सीट काढायच्या अर्जासाठी आरटीओत मारलेल्या चकरांबद्दल न बोललेलं बरं. उभं राहता येत नाही, तर वाकून राहू. बॅटरी 12 व्होल्टची, 100 अँपिअर-तासांची लिथियम, म्हणजे जेमतेम सव्वा युनिट. घरचा गिझर तेवढी वीज पाऊण तासात पितो. तेव्हापासून आंघोळ करताना मला उगाच अपराधी वाटतं.

शेवटच्या दिवशी मिस्त्रींनी ओट्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा डावीकडे गेला. बराच वेळ बघून म्हणाले, "ओटा बरोबर आहे. तुमचं पार्किंग उतरतं आहे." मग जरा थांबून, "पण ताई, गाडीत सपाटी धरायची कुठली?"

पहिली रात्र वैतरणेच्या काठी. ओल्या उतारावर चाकं फिरायला लागली तेव्हा ह्यांनी फोर व्हीलचा दांडा ओढला. कोरड्या डांबरावर तो लावायचा नसतो, वळताना पुढची-मागची चाकं सारखी पळत नाहीत आणि ताण गिअरवर येतो. म्हणून इतके दिवस नुसता पुसून ठेवलेला. गाडी अशी चढली, की ह्यांची छाती दोन इंच फुगली.

रात्री दोनला कांद्याचा खण आपोआप उघडला आणि एक कांदा घरंगळत ह्यांच्या कानाशी आला.

"तुझ्या मिस्त्रींचा गुण्या चुकला."

"गुण्या नाही, तुम्ही गाडी लावलीत तो उतार."

काचा आतून घामेजलेल्या. मी टॉर्च घेऊन उतरले, डाव्या चाकापुढे चपटा दगड ठेवला; ह्यांनी गाडी हळूच वर घेतली. ताटलीत पाणी ओतून पाहिलं. अजून एका कडेलाच होतं.

मी दुसरा दगड शोधायला निघाले.