आई आणि पाच तळी

झरमॅट, स्वित्झर्लंड, १४ जुलै

आज पाच तळ्यांची वाट केली, आईसकट. बहात्तराव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनिशी ती एवढं चालली याचा इतका आनंद झालाय की झोपायच्या आधी लिहूनच ठेवते.

गावातून वरच्या सुनेगा स्थानकाला जाणारी फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी रेल्वे, डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून वर चढते. पुढे गोंडोलाने, म्हणजे तारेवरच्या पाळण्याने, ब्लाउहेर्ड, उंची २५७१ मीटर. मोठी चढण अशी बसल्या बसल्या होते, चालायला बराचसा उतार उरतो. पण गुडघ्यांना उतारच जास्त जाचतो, म्हणून आईसाठी खालीच दोन काठ्या भाड्याने घेतल्या.

इथल्या पिवळ्या पाट्या मला फार आवडतात. त्यांवर अंतर नाही, वेळ लिहिलेली असते. पहिलं श्टेलिझे तळं वीस मिनिटं. आईला चाळीस लागली, पण मध्ये एक मार्मोट दिसला, खारीच्या कुळातला गुबगुबीत प्राणी. मागच्या पायांवर बसून, पुढच्या दोन्ही पंजांत देठ धरून तो शांतपणे कुरतडत होता. मग कुठूनशी दुसऱ्याची कर्कश शिट्टी आली आणि हा बिळात गडप! आई तिथून हलायलाच तयार नव्हती.

वारा सुटायच्या आत तळ्यावर पोचलो. अख्खा मॅटरहॉर्न, इथला ४४७८ मीटरचा सुळका, पाण्यात उलटा उभा. काठावर बसून धपाटे आणि दही खाल्लं.

दुसऱ्या ग्रिंड्यीझे तळ्यावरून पुढे तिसऱ्या ग्र्युनझेला पाय पाण्यात सोडले, क्षणात बधिर झाले. चौथ्या मोसयीझेचं पाणी मात्र दुधात निळं मिसळावं तसं. फिंडेल हिमनदीखाली खडक दळला जातो, त्याचं बारीक पीठ वितळलेल्या पाण्याबरोबर इथवर येतं. वाटेत दगडगोट्यांचा एक लांबलचक उघडा बांध दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बर्फ तिथवर भरलेला होता. आता हिमनदी शोधायला मान वर करून लांब बघावं लागतं. आईने विचारलं, "एवढा सगळा बर्फ गेला?" हो, गेला. आणि अजून जातोय. हे बघून जीव तुटतो.

शेवटच्या लायझे तळ्यात पोरं डुंबत होती, दोरी ओढत तराफा या काठावरून त्या काठाला नेत होती. आईने दोन्ही काठ्या गवतात टाकल्या आणि म्हणाली, "झालं गं सगळं?"

आपल्याकडची बहुतेक मंडळी सकाळी बसमधून उतरतात, शिखरावर फोटो काढतात, संध्याकाळी दुसऱ्या गावाला. एवढा खर्च करून येता, तर निदान एका गावात मुक्काम ठोका आणि चाला, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. वयाचा बाऊ करू नका. वाट नीट राखलेली असते, बाकं असतात, दमलात तर मधूनच परतायचे फाटे असतात.

पाचच्या सुमारास मोठ्या रस्त्याने शेळ्या परतल्या. पुढचं अर्धं अंग काळं, मागचं पांढरं, जणू मधोमध रेघ मारलेली. इथे पेट्रोलच्या गाड्यांना बंदी, त्यामुळे शेळ्यांच्या घंटा लांबूनच ऐकू येतात.

मग चर्चमागच्या दफनभूमीत गेलो. आजच्याच तारखेला, १८६५ साली, सात जण पहिल्यांदा मॅटरहॉर्नवर पोचले. उतरताना दोर तुटला आणि चौघे गेले. त्यांतला वाटाड्या मिशेल क्रो इथेच पुरलेला आहे. तो तुटका दोर इथल्या संग्रहालयात आहे. आईने काचेला नाक लावून बघितला, म्हणाली, "एवढासाच?" खरंच, आपल्या विहिरीचा दोर याहून जाड असतो.

उद्या गोर्नरग्राटचा डोंगरमाथा. १८९८ पासूनची ती रेल्वे ३०८९ मीटरपर्यंत नेते. मी परतीचं तिकीट काढणार होते, पण आईने आत्ताच बजावलंय की येताना रोटेनबोडेन स्टेशनला उतरायचं आणि रिफेलझे तळ्यापर्यंत चालत जायचं. काठ्या आणखी एक दिवस ठेवून घ्यायला हव्यात.