मी ‘थांबा’ म्हटलं आणि एकच बाई थांबली

कुठं राहता असं कुणी विचारलं की मी सांगते, लष्करात. ग्वाल्हेरच्या माणसाला यात काही वाटत नाही, बाहेरचा मात्र जरा सावरून बसतो. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथं फौजेचा तळ टाकला, तळाची वस्ती झाली आणि नाव तेच राहिलं. आमच्या घरातला हा जुना विनोद अडतिसाव्या वर्षी माझ्यावरच उलटला.

शाळेत एनसीसी बघणाऱ्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी माझं नाव गेलं. त्यासाठी आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. पुरुष शिक्षकांना नागपूरजवळ कामठीला पाठवतात, बायकांना ग्वाल्हेरला. केरळ-आसामच्या बाया दोन-दोन दिवस गाडीत बसून आल्या. मी ट्रंक घेऊन ऑटोनं गेले, वीस मिनिटांत. घर याच गावात, पण जायचं नाही! निघताना बांगड्या उतरवल्या तेव्हा सासूबाईंनी तोंड फिरवलं होतं, ते पहिल्या रात्री मच्छरदाणीत पडल्या पडल्या सारखं आठवत राहिलं.

पहाटे साडेचारला उठणं, अंबाड्याला जाळी, पीटी, बुटांना पॉलिश, बकलाला ब्रासो, हे सगळं चार दिवसांत अंगवळणी पडलं. डीएमएस, म्हणजे कवायतीचे जाड लष्करी बूट, काही पडेनात. टाचांना फोड आले, तर खोलीतल्या कोल्हापूरकरणीनं सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढला आणि दोरा तसाच आत ठेवला, पाणी झिरपून जावं म्हणून. डॉक्टर ओरडतील, पण मला त्या रात्री झोप लागली.

खरी अडचण वेगळीच होती. चौदा वर्षं मी वर्गात शिरले की पोरं उभी राहतात. इथं माझ्याहून दहा वर्षांनी लहान उस्ताद मला उभं राहायला शिकवत होते. सावधानमध्ये टाचा जुळलेल्या आणि पंजांमध्ये ३० अंशांचा कोन. मी भूमिती शिकवते. फळ्यावर ३० अंश डोळे मिटून काढीन, पायांनी काही जमेना. ‘‘मॅडम, आपका अंगूठा सो रहा है,’’ उस्ताद म्हणायचे. मुठीतून अंगठा पुढं, शिवणीवर ताठ हवा असतो. ‘मॅडम’ म्हणूनच झापायचे, त्यामुळं ते जास्त लागायचं.

सहाव्या दिवशी उस्ताद म्हणाले, आज स्क्वाड तुम्ही चालवा.

मी मनात खूश झाले. हुकूम सोडणं हे तर माझं रोजचंच काम. सावधान, दाहिने मुड, तेज चल, सगळं खणखणीत निघालं. तीन रांगा निघाल्या. समोर मेंदीचं कुंपण, अंदाजे वीस पावलांवर. एक पाऊल ३० इंचांचं, म्हणजे पन्नास फूट. मिनिटाला शंभरावर पावलं पडतात, म्हणजे माझ्याकडे दहा-अकरा सेकंद होते. (हा हिशेब मी नंतर केला.) ‘थम’, म्हणजे थांबण्याचा हुकूम, केव्हाही म्हणून चालत नाही, डावा पाय जमिनीवर येताना म्हणायचं. मग स्क्वाड उजवं पाऊल पुरं टाकतं आणि ओरडतं, ‘खाली, एक, दो’.

मी डावा पाय बघत बसले. डावा आला, गेला. पुन्हा आला, गेला. कुंपण जवळ आलं आणि माझ्या तोंडून पोटातून निघालं, ‘‘थांबा!’’

कुणीच थांबलं नाही. थांबली ती एकटी कोल्हापूरकरीण, पहिल्या फळीत, जागच्या जागी, खांबासारखी. तिच्या मागची आसामची बाई तिच्या पाठीवर आदळली, तिच्या मागची तिच्यावर. बाकीचं स्क्वाड शिस्तीत मेंदीत शिरलं आणि तिथंच कदमताल करत, म्हणजे जागच्या जागी पाय आपटत राहिलं, कारण त्यांना थांबायला कुणी सांगितलंच नव्हतं.

उस्ताद हसले नाहीत. शांतपणे विचारलं, ‘‘मॅडम, ये ‘थांबा’ कौन-सी पलटन का कमांड है?’’

‘‘मराठीत बोलल्या, सर,’’ कोल्हापूरकरीण सावधानमध्येच म्हणाली. ‘‘मला समजलं, मी थांबले.’’

बहुतेक तिला वाटलं, ती मला वाचवते आहे.

त्यानंतर उस्तादांनी स्क्वाड परत आणून उभं केलं आणि माझ्याकडून तेच करून घेतलं. एकदा मी उजव्या पायावर ‘थम’ म्हणाले, रांगा लटपटल्या. एकदा इतक्या हळू म्हणाले की मागच्यांना ऐकूच गेलं नाही. आठव्या वेळी बरोबर पडलं. तीसएक बायका एकदम ‘खाली, एक, दो’ म्हणाल्या आणि बूट एकाच आवाजात जमिनीवर आले. उस्ताद फक्त म्हणाले, ‘‘फिर से.’’

चहाच्या सुट्टीपर्यंत माझा आवाज पार बसला होता. मेसमध्ये साखर हवी एवढंही बोलता येईना, खुणा केल्या तर वाढप्यानं बिस्किटं पुढं केली. कोल्हापूरकरणीनं माझा कप उचलला, स्वतःचा माझ्यासमोर ठेवला. ‘‘घ्या ताई, ह्यात दोन चमचे हाईत,’’ म्हणाली, ‘‘आन् उद्याच्याला मराठीत काय बोलू नका, माझी पाठ अजून दुखतीया.’’