आमची वाटचाल: पडद्यावरचा आखाडा

आमची कंपनी लहान आहे आणि काम एकच: संगणकात कॉम्बॅट रोबॉट बांधायचे आणि संगणकातच लढवायचे, अशा स्पर्धा भरवणं. याला धंदा म्हणायचं का, असं विचारणारे अजूनही भेटतात. पगार वेळेवर होतात, तेव्हा म्हणायला हरकत नाही.

पाया आम्ही घातलेला नाही. खऱ्या यंत्रांच्या लढती 1994 साली सॅन फ्रान्सिस्कोत 'रोबॉट वॉर्स' या नावाने रंगल्या, मग टीव्हीवर गेल्या. 2003 मध्ये 'रोबॉट अरीना 2' हा गेम आला आणि त्याच्याभोवती जगभर हौशी स्पर्धा उभ्या राहिल्या. बॉटची फाइल यजमानाकडे पाठवायची, त्याने दोन्ही बॉट संगणकाच्या हवाली करायचे आणि लढत दाखवायची, अशी ती रीत. आम्ही त्याच हौशी मंडळींतले. एकाच जागेत दोन भाग घुसवून बॉट बांधण्याची पळवाट त्या गेममध्ये होती आणि ती चालू द्यायची की नाही यावर भांडणं व्हायची. यजमानाच्या शब्दापलीकडे जाईल अशी तपासणी हवी, असं तेव्हापासून वाटत होतं. त्यातूनच स्वतःचं इंजिन, म्हणजे लढतीतल्या हालचाली आणि धडकांचा हिशेब करणारी संगणक प्रणाली, आणि कंपनी असा घाट घातला.

इंजिनाची खरी मेख वेळेत आहे. 'बॅटलबॉट्स' या खऱ्या रोबॉटांच्या अमेरिकी टीव्ही स्पर्धेत फिरत्या हत्याराच्या टोकाला ताशी 250 मैलांची मर्यादा असते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ 112 मीटर. साधा गेम सेकंदाला 60 वेळा हिशेब करतो. तेवढ्या अवधीत पात्याचं टोक पावणेदोन मीटरांहून जास्त पुढे गेलेलं असतं आणि समोरचा बॉट तर जेमतेम मीटरभर लांब. पातं त्याच्या एका बाजूला दिसतं, मग थेट दुसऱ्या बाजूला, मधली धडक झालेलीच नसते. सेकंदाचे हजार तुकडे केले तरी एका तुकड्यात 11 सेंटिमीटर उरतात आणि आर्मरचा पत्रा असतो काही मिलिमीटरचा. म्हणून पात्याने वाटेत कोणती जागा व्यापली तेही तपासावं लागतं. आमचा सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा इथे गेला आणि आजही जातो. ग्राहकाला यातलं काही दिसत नाही. त्याला फक्त बसायला हवी ती धडक बसलेली दिसते.

तक्रारी मात्र भलत्याच गोष्टीच्या यायच्या. उभा स्पिनर, म्हणजे उभं गरगरणारं हत्यार, लावलेला बॉट वळला की एका बाजूचं चाक जमिनीवरून उचललं जातं आणि स्पर्धक कळवायचे की तुमचं इंजिन बिघडलंय. बिघाड नव्हे, ती फिरत्या वजनाची करामत. हत्याराचा आस वळवायला गेलं की बॉट आडवा कलतो, खरा असो वा पडद्यावरचा. आता आम्ही हे नियमपुस्तिकेत चित्रासह छापतो. तरी पत्रं येतातच.

खऱ्या कारखान्यात टायटॅनियम वापरायचं म्हटलं की खिसा आडवा येतो. पडद्यावर तो अडसर नाही. पहिल्या हंगामात जो तो टायटॅनियम लावून आला. ॲल्युमिनियमची घनता घन सेंटिमीटरला 2.7 ग्रॅम, टायटॅनियमची 4.5, पोलादाची 7.85. केवळ वजनाची मर्यादा ठेवली तर निवडीला थोडीफार चुरस राहते, पण पुरेशी नाही. म्हणून प्रत्येक भागाला किमतीचे गुण दिले आणि बॉटला गुणांचं अंदाजपत्रक. बॅटरीचं तसंच. अडकून पडलेली मोटर प्रचंड करंट खेचते आणि तापते. ती तापू दिली नाही, तर चाकं रेटत राहणारा बॉट कायमच जिंकेल. जगात जे आपसूक आड येतं ते इथे मुद्दाम घालावं लागतं, आणि कुठलं घालायचं यावरून आमच्यात होणारे वाद पाहुण्यांसमोर होऊ नयेत असेच असतात.

उत्पन्नाची गंमत अशी की प्रवेश शुल्कावर कंपनी चालत नाही. 32 बॉट घेऊन दोनदा हरल्यावर बाद, अशी स्पर्धा केली तर 62 किंवा 63 लढती होतात; पंच, समालोचन, चित्रफिती यांचा खर्च शुल्क खाऊन टाकतो. हात दिला तो रोबॉटिक्स क्लबांनी. धातू कापण्याआधी चार रचना एकमेकांशी लढवून पाहायच्या होत्या त्यांना, आणि त्यासाठी ते खासगी आखाडा भाड्याने घेतात. आज आमच्या कमाईचा मोठा भाग हाच.

या मंडळींना निकालाची खात्री हवी असते. दशांशांची बेरीज संगणकात क्रम बदलला की किंचित बदलते, आणि तेवढ्या फरकाने तिसऱ्या धडकेनंतर वेगळाच बॉट उताणा पडतो. म्हणून अधिकृत लढत आमच्याच एका यंत्रावर, ठरलेल्या क्रमाने होते आणि तिची नोंद दोन्ही बाजूंना मिळते. त्याच प्रकारच्या यंत्रावर ती पुन्हा चालवली तर धडकन्‌धडक तशीच बसते.

वेळेत कोणी उताणा पडला नाही तर गुणांवर निकाल लागतो. नुकसान आम्ही इंजिनातून मोजतो, ज्यूलमध्ये. आक्रमकता आणि नियंत्रण यांचे गुण मात्र माणसंच देतात. तेही यंत्राकडे सोपवा, खर्च वाचेल, असा सल्ला बऱ्याचदा मिळतो. सोपवणार नाही. सूत्र कळलं की बॉट सूत्रासाठी बांधले जातील, प्रतिस्पर्ध्यासाठी नाही.

पुढच्या हंगामापासून सोडतीच्या आदल्या दिवशी सगळ्या फाइल्स बंद होतील. जोडी पाहून वेज, म्हणजे बॉटच्या पुढची उतरती पाचर, बदलण्याची सोय त्यामुळे जाईल. काही जुने स्पर्धक नाराज आहेत, दोघांनी तर नाव मागेही घेतलंय. नियम तसाच राहील.