तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रॉप-इननंतर काय?

‘स्केटबोर्डवर ड्रॉप-इन, म्हणजे रॅम्पच्या वरच्या कडेवरून खाली उतरणं, जमतं. आता रॉक टू फेकी (पुढची चाकं कडेपलीकडे नेऊन उलटं परतणं) आणि एअर (कडेच्या वर हवेत जाणं) धोका न पत्करता कसं शिकायचं?’ असं बरेच जण विचारतात. माझं उत्तर अनेकांना रुचत नाही: आधी नी-स्लाइड, म्हणजे पडताना गुडघ्यांवर घसरत खाली येणं, पक्कं करा. ट्रिक फसली की सुटायचं कसं, हे अंगवळणी पडेपर्यंत पुढच्या ट्रिकला हात घालू नये.

नी-स्लाइड बोर्डशिवाय शिकायची. पळत ट्रान्झिशनवर, म्हणजे रॅम्पच्या वक्र उतारावर, चढा, वळून खालच्या सपाट भागाकडे तोंड करा आणि दोन्ही गुडघे एकदम उतारावर टेका. बूड टाचांवर, पाठ सरळ, हात समोर हवेत. एकच गुडघा टेकला तर अंग गर्रकन फिरतं. पुढे झुकलात तर तोंडावर आपटता. आणि गुडघे उतारावर न टेकता थेट सपाट भागावर आदळले, तर घसरणं होतच नाही, सगळा मार गुडघ्यांना बसतो. म्हणून जाड नी-पॅड हवेत, कडक प्लास्टिकची टोपी असलेले. नुसते कापडी पॅड घसरत नाहीत, अडकतात. टोपीला तडा गेला की लगेच बदला. तीन-चार फुटी मिनी रॅम्पवर मात्र घसरायला जागा पुरत नाही. तिथे बोर्ड सोडून पळत उतरावं.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, सरळ बसलेलं असावं. सायकलचं हेल्मेट सहसा एकाच जोरदार आघातासाठी बनवलेलं असतं आणि इथे तर वारंवार पडायचं असतं, त्यामुळे स्केटिंगसाठीच्या एएसटीएम एफ १४९२ मानकाचं हेल्मेट घ्या.

मग पंपिंग. जमिनीवर पाय न मारता, फक्त वक्र भागात गुडघे सरळ करत बोर्डवर दाब देऊन, दोन्ही बाजूंना कोपिंगपर्यंत (रॅम्पच्या वरच्या कडेच्या नळीपर्यंत) पोहोचता आलं पाहिजे. वेग कमी पडला की लोक शरीर खेचून ट्रिक पुरी करायला जातात आणि तिथेच फसतात.

रॉक टू फेकीमध्ये पुढची चाकं कोपिंगपलीकडे जातात आणि बोर्डचा मधला भाग कोपिंगवर टेकतो. घात होतो तो परतताना: पुढचा ट्रक (चाकं बोर्डला जोडणारा धातूचा भाग) कोपिंगला अडकतो, बोर्ड तिथेच राहतो आणि तुम्ही पाठीवर पडता. याला हँग-अप म्हणतात; रॅम्पवरची ही फार वाईट पडझड, कारण डोकं मागे आपटतं. उपाय असा: वजन पूर्ण पलीकडे टाकू नका, मागचा पाय टेलवरच (बोर्डच्या मागच्या टोकावरच) ठेवा आणि परत निघताना टेल दाबून पुढची चाकं कोपिंगवरून स्पष्ट उचला. त्याआधी फेकी येणं, म्हणजे उलटं उतरणं, सवयीचं हवं. पुढची चाकं कोपिंगला नुसती टेकवून परतण्याचा सराव करा. आवाज ‘टक्’ असा यायला हवा. खरखर आली तर चाकं अजून पुरेशी उचललेली नाहीत.

एअरची घाई करू नका. आधी कोपिंगच्या खालीच वळता वळता हाताने बोर्ड पकडायची सवय लावा. कोपिंगच्या वर गेल्यावर उतरायचं ते ट्रान्झिशनच्या वरच्या भागात, चारही चाकांवर; फार लांब, सपाट भागावर उतरलात तर घोटे धोक्यात येतात. बिघडतंय असं वाटलं, तर हवेतच बोर्ड दूर सोडा आणि गुडघ्यांवर या. अर्धवट पाय ठेवून वाचवायला जाऊ नका.

साहित्याबद्दल एवढंच: ५४ ते ५८ मिलिमीटरची, ९७ए ते १०१ए कडकपणाची चाकं रॅम्पवर चांगली चालतात. ट्रक फार सैल ठेवू नका, वेगात बोर्ड थरथरतो. रॅम्प ओलसर असेल किंवा त्यावर वाळू असेल, तर नवं काही शिकायला जाऊ नका.